जास्तीचा न

एडेलट्राउड लामर्सने, म्हणजे आमच्या ट्राउडलने, होलेनब्रोकच्या नोंदणी कार्यालयात एकोणचाळीस वर्षं नोकरी केली. जन्म, विवाह आणि मृत्यू एवढ्या तीनच गोष्टींची तिथे नोंद होते. गावात चौथी गोष्ट घडते ती फुटबॉल, आणि निवृत्त झाल्यावर ट्राउडलने तीही नोंदवायला घेतली.

आमच्याकडे साडेतीन हजार माणसं, त्यांच्या चौपट डुकरं आणि टेरहोर्स्ट आडनावाची एकोणीस घरं आहेत. नोंदणी कार्यालयात बसणाऱ्याला यातला तिसरा आकडा सगळ्यात जास्त छळतो. ट्राउडलच्या आधीच्या कारकुनाने एका योहान टेरहोर्स्टला चुकून मयत दाखवलं होतं. तो पुढे अकरा वर्षं जगला आणि दर जानेवारीत टोपी हातात धरून तक्रार करायला येत राहिला. शेवटची सहा वर्षं ती तक्रार ट्राउडलने ऐकली. नाव आणि माणूस यांची एकदा फारकत झाली की पुन्हा जुळवताना काय हाल होतात, हे ती तिथेच शिकली.

म्हणून, हायनर टेरहोर्स्ट आपल्या नवजात मुलीचं नाव लिहून द्यायला आला, तेव्हा ती खुर्चीतून अर्धी उठली होती. अकराच दिवसांपूर्वी हायनरच्या सख्ख्या भावाने आपल्या मुलीचं नाव ‘याना’ असं नोंदवलं होतं. हायनरच्या कागदावर ‘यान्ना’ होतं. ट्राउडलने त्याला भावाच्या मुलीची आठवण करून दिली.

“ठाऊक आहे की,” हायनर म्हणाला. “म्हणून तर आम्ही एक न जास्त घातलाय.”

मूर्खपणाला मनाई करणारं कलम कायद्यात नाही, याची तिने वरच्या कार्यालयाकडून फोनवर खात्री करून घेतली आणि नोंद केली. दोन्ही मुली शेजारशेजारच्या शेतांवर वाढल्या, एकाच बसने शाळेत गेल्या आणि सातव्या वर्षी एकाच दिवशी फुटबॉलच्या मैदानावर येऊन उभ्या राहिल्या. त्यांचे बूट घट्ट बांधून द्यायला तिथे ट्राउडलच होती.

ट्राउडल स्वतः खेळलेली बाई. ती चौदा वर्षांची असताना, १९७० साली, देशाच्या फुटबॉल संघटनेतल्या पुरुषांनी ठरवलं की बायकांनी फुटबॉल खेळायला आता हरकत नाही. मात्र चेंडू हलका हवा, बुटांना खिळे नकोत, खेळ वीस मिनिटं आधी संपावा आणि थंडीचे सहा महिने विश्रांती असावी. बायकांची प्रकृती नाजूक असते. ही नाजूक प्रकृती पहाटे साडेचारला उठून वडिलांच्या चौदा गाई पिळून शाळेत जात असे. आमच्या गावातल्या बायकांच्या पहिल्या सामन्याला दोनशे माणसं आली. त्यातली निम्मी हसायला आली होती, आणि हे त्यांनी लपवलंही नव्हतं. ट्राउडल उजव्या बाजूने पळायची. तिने दोन गोल केले. हसायला आलेल्यांपैकी एकाने पुढे तिच्याशी लग्न केलं.

आता ती अडुसष्ट वर्षांची आहे, विधवा आहे आणि ग्र्यून-वाइस होलेनब्रोक या गावच्या क्लबच्या महिला संघाची व्यवस्थापक आहे. म्हणजे ती जर्सी धुते, पाण्याच्या बाटल्या भरते, सुजलेल्या घोट्यावर बर्फ धरते आणि सामन्याची कागदपत्रं सांभाळते. या कामाला पगार नाही. आमच्या भाषेत बिनपगारी कामाला ‘मानाचं पद’ असा शब्द आहे, आणि होलेनब्रोकमध्ये माणसागणिक दोन तरी मानाची पदं निघतील.

हा संघ देशाच्या दुसऱ्या दर्जात कसा पोचला, हे आम्हालाही नीट उमगलेलं नाही. तिसऱ्या दर्जात आम्ही पहिले आलो आणि कुणी अडवलं नाही. दुसऱ्या दर्जात चौदा संघ, सव्वीस सामने, आणि शेवटचे तीन पुन्हा खाली. आमची गोलरक्षक पोलीस शिपाई, डावी बचावपटू दूधडेअरीत. समोर येतात मोठमोठ्या शहरांचे संघ. त्यांच्या बसला पडदे असतात. काही तर बड्या क्लबांचे दुसरे संघ. वर जायची त्यांना परवानगी नाही आणि खाली जायची भीती नाही, त्यामुळे त्यांच्या खेळाडू फार सुंदर खेळतात.

पहिल्या नऊ सामन्यांत आमचे दोन गुण झाले. नाताळात गावाने आमच्याबद्दल बोलणं सोडून दिलं, आणि होलेनब्रोकमध्ये याहून मोठी सहानुभूती कुणी दाखवत नाही. मग फेब्रुवारीत, ज्या महिन्यात ट्राउडलला खेळायची मनाई होती त्याच महिन्यात, गोठलेल्या मैदानावर आम्ही लागोपाठ तीन सामने जिंकलो. याचं कारण याना टेरहोर्स्ट. सहा नंबर, कर्णधार, मैदानाच्या मध्यावर उभी. ती शेतीची यंत्रं दुरुस्त करते आणि फुटबॉलही तसाच खेळते: आधी ऐकते, मग हात घालते. तिच्याशिवाय आमचा संघ म्हणजे दहा जणी आणि एक सदिच्छा. तिची चुलत बहीण यान्ना, सोळा नंबर, कवळ्या बनवण्याच्या कार्यशाळेत काम करते. ती बहुतेक वेळ बाकावर असायची. अख्ख्या हंगामात तिच्या वाट्याला नऊ सामने आणि एकशे त्रेचाळीस मिनिटं आली होती. हा आकडा ट्राउडलला पाठ होता, यान्नालाही असावा.

पंचविसावा सामना घरच्या मैदानावर झाला, अशाच एका बड्या क्लबच्या दुसऱ्या संघाशी. आम्ही एक-शून्यने पुढे होतो. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला त्यांची एक मुलगी कडेने सुटली आणि यानाने तिचा शर्ट मागून असा धरला की तो ताणून आता पुढच्या मोसमात तिच्या आईला घालता येईल. पंचांनी पिवळं कार्ड काढलं. मैदानावरचा ध्वनिक्षेपक गेली सतरा वर्षं माझ्या हातात आहे. पिवळं कार्ड, सहा नंबर, याना टेरहोर्स्ट, असं मी सांगितलं. चारशे बारा प्रेक्षकांनी ते ऐकलं. यानाचं हे पाचवं कार्ड होतं, आणि पाच कार्डं झाली की पुढच्या सामन्याला बसून राहायचं. पण त्या क्षणी कुणी मोजलं नाही, कारण दोनच मिनिटांत आम्ही जिंकलो होतो.

आता हिशेब सोपा होता. आमचे सत्तावीस गुण, आमच्या लगेच खाली असलेल्या बिर्कनरोडाचे चोवीस. एकच सामना राहिलेला. त्यात बरोबरी केली तरी आम्ही दुसऱ्या दर्जात राहणार. हरलो, आणि बिर्कनरोडा जिंकलं, तर गोलफरकाने आम्ही खाली. बिर्कनरोडाची गाठ तळाच्या संघाशी होती, तेव्हा ते जिंकणार हे धरूनच चालायचं.

सामना संपला की पंच खोलीत बसून सगळा अहवाल संगणकावर भरतात आणि दोन्ही संघांच्या व्यवस्थापकांनी तो वाचून मान्य करायचा असतो. खेळाडूंच्या यादीत दोन्ही टेरहोर्स्ट एकाखाली एक. पंचांचं बोट एक ओळ खाली गेलं. ट्राउडल एरवी असा अहवाल दोनदा वाचते. त्या दिवशी तिच्या एका हातात कुणीतरी लोण्याच्या केकचा तुकडा दिला होता आणि बाहेर सगळे तिच्या नावाने ओरडत होते. तिने निकाल पाहिला, गोल पाहिला, आणि रिकाम्या हाताने ‘मान्य’वर टिचकी मारली.

सोमवारी सकाळी, चष्मा लावून, तिला ते दिसलं. पिवळं कार्ड: टेरहोर्स्ट, यान्ना. सोळा नंबर.

म्हणजे यानाची चारच कार्डं. म्हणजे शेवटच्या सामन्यात याना खेळू शकत होती.

ट्राउडल आधी यान्नाकडे गेली. यान्ना कुणाचा तरी खालचा जबडा घासत होती. तिने यंत्र बंद केलं, ऐकून घेतलं आणि म्हणाली की राहू दे ते माझ्या नावावर. मला तरी ते कुठे वापरायचं आहे?

मग ती क्लेमेन्स नीहोफकडे गेली. क्लेमेन्स आमचा अध्यक्ष. गावातलं खाटकाचं दुकान त्याचं. त्याने तिला मागच्या खोलीत बसवलं आणि शांतपणे समजावलं, की चूक पंचांची आहे, आणि पंचांच्या कामात ढवळाढवळ करणं बरं दिसत नाही.

“मान्य मी केलंय,” ट्राउडल म्हणाली.

“अगं, कार्ड टेरहोर्स्टला मिळालं. कागदावर टेरहोर्स्ट आहे. आता किती खोलात शिरायचं माणसाने?”

“क्लेमेन्स, तुझ्या लग्नाची नोंद मी केली आहे. तेव्हा मी इतपतच खोलात शिरले असते, तर आज तू मेहुणीचा नवरा असतास.”

क्लेमेन्स यावर जरुरीपेक्षा थोडा जास्त वेळ विचारात पडला, असं ट्राउडल नंतर सांगत होती. मग त्याने विचारलं की सामना पाहणाऱ्यांपैकी कुणाला तरी आठवतंय का, कार्ड कुणाला मिळालं ते. त्याने चौकशी केली. चारशे बारा जणांपैकी कुणालाच आठवत नव्हतं. त्याने मलाही फोन केला. मी म्हटलं, कर्णा त्या दिवशी खरखरत होता, काय बोललो ते नक्की सांगता यायचं नाही. कर्णा खरखरत नव्हता. हे इथे लिहून ठेवतो, कारण ट्राउडलबद्दल लिहायचं आणि स्वतःची नोंद चुकीची ठेवायची, हे जमणार नाही.

त्या संध्याकाळी ती यानाला भेटली. याना सरावाआधी धुण्याच्या खोलीत मोजे शोधत होती. ट्राउडलने सगळं सांगितलं: काय झालं, कुणाच्या नावावर गेलं, आणि उद्या सकाळी साडेआठ वाजता ती संघटनेला काय लिहिणार आहे. साडेआठ ही तिच्या कार्यालयाची वेळ. निवृत्त होऊनही खऱ्याखुऱ्या कामांना ती त्याआधी हात लावत नाही.

यानाने मोज्यांची जोडी जुळवली.

“मी नसले तर आपण खाली जाऊ. एवढं तरी कळतंय ना तुला?”

“कळतंय.”

“आणि तरी लिहिणार.”

“कार्ड तुझं आहे, याना. ते मी तिच्या अंगावर कसं ठेवू?”

“बरं,” याना म्हणाली. “तुम्हाला योग्य वाटेल तसं करा, लामर्सबाई.”

आमच्या मैदानावर ‘तुम्ही’ नाही. बँकेत, दवाखान्यात, नोंदणी कार्यालयात असतं. पण मैदानाच्या फाटकातून आत आलं की सत्तर वर्षांचा माणूसही ‘तू’ होतो, पंचही होतो, पाद्री आला तर तोही. सात वर्षांच्या मुलीला बूट बांधून दिल्यापासून ट्राउडलने यानाच्या तोंडून ‘तू’ सोडून दुसरं काही ऐकलं नव्हतं. शिवी देणारा माणूस निदान जवळचा तरी असतो. ‘तुम्ही’ म्हणजे आता ओळख राहिली नाही.

मंगळवारी साडेआठला तिने चार ओळी लिहिल्या. दुपारी संघटनेचं तीन ओळींचं उत्तर आलं: नोंद दुरुस्त केली आहे, क्रमांक सहाला एका सामन्याची बंदी, कळावे.

होलेनब्रोकमध्ये बहिष्कार फार शिस्तीने घातला जातो. कुणी काही बोललं नाही, म्हणजे अगदी शब्दशः. बेकरीतल्या बाईने पाव पिशवीत घातला आणि फक्त किंमत सांगितली, हवामान सांगितलं नाही. गायनमंडळाच्या तालमीत ट्राउडलच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या, आणि खालच्या सुरात गाणाऱ्या बायकांच्या आल्टो गटात तशाही चारच जणी आहेत. संघाची प्रशिक्षक झिल्के व्यूबन, मूळची बाहेरगावची, तेवढी एकटी नेहमीसारखी वागली. तिने विचारलं, आणखी काही आहे का. नसेल तर मला काम आहे. मग तिने सहा नंबरच्या जागेवर यान्नाला उभं केलं आणि चार दिवस रोज तासभर जास्त राबवलं. यान्नाने एकदाच तोंड उघडलं. मला भीती वाटते, असं ती म्हणाली. झिल्केने तिला सांगितलं की मलाही वाटते, पण मला पळायचं नाहीये.

शेवटचा सामना ब्रुनशाइडला होता, बसने तीन तास. गावातून तीन बस निघाल्या. खाली जाताना निदान सगळे मिळून जावं, असा एकंदर सूर होता. क्लेमेन्सने बटाट्याच्या कोशिंबिरीची दोन पिंपं आणली होती; शोक असला तरी तो उपाशीपोटी करायचा नाही, हा त्याचा सिद्धांत.

ब्रुनशाइड चौथ्या स्थानावर होतं. त्यांना काही मिळवायचं नव्हतं आणि गमवायचंही नव्हतं. अशी माणसं फार मोकळी खेळतात. तेविसाव्या मिनिटाला त्यांनी गोल केला. बिर्कनरोडा तिकडे तोवर दोन-शून्यने पुढे होतं. आमच्यातल्या कुणीतरी फोनवर पाहिलं आणि फोन खिशात टाकला. याना आमच्याबरोबर कठड्यापाशी उभी होती, जीन्स आणि कामावरचं जाकीट घालून. पलीकडे दहा पावलांवर बाकाच्या कडेला ट्राउडल बाटल्यांची पेटी पायांत धरून बसली होती. तासभर दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

यान्ना वाईट खेळत होती असं म्हणता येणार नाही. ती भित्र्या माणसासारखी खेळत होती: चेंडू आला की लगेच देऊन टाकायची, आणि जिथे चेंडू येऊ शकतो तिथे आधीच जाऊन उभी राहायची. यानासारखं तिला काही जमत नव्हतं. पण ब्रुनशाइडवाल्या जिथून जायला बघत, तिथे कुठूनतरी तिचा पाय निघायचाच. पंचावन्नाव्या मिनिटानंतर तिथून जाणं त्यांनी सोडून दिलं.

एकाहत्तराव्या मिनिटाला आम्हाला कॉर्नर मिळाला. चेंडू तीन जणींच्या अंगावर आपटून आमच्या डेअरीवाल्या मुलीच्या मांडीला लागला आणि आत गेला. तिने तो मुद्दाम मारला असं ती अजून सांगते. एक-एक.

उरलेली एकोणीस मिनिटं फुटबॉल कमी आणि वाट पाहणंच जास्त झालं. शहाऐंशीव्या मिनिटाला त्यांची एक उंच मुलगी मैदानाच्या मध्यावरून सुटली. पुढे फक्त आमची एक दमलेली बचावपटू, गोलरक्षक आणि खूप सारं गवत. यान्ना तिच्या मागे दोन पावलं होती. पोचणार नाही, हे सगळ्यांना दिसत होतं, तिलाही दिसलं. तेव्हा आयुष्यात कुणाचा पेलासुद्धा न फोडलेल्या त्या मुलीने हात लांब केला, शर्ट मुठीत धरला, आणि दोघी मिळून आपटल्या.

पिवळं कार्ड. सोळा नंबर. हे खुद्द तिचंच.

यान्ना उठली नाही. तिच्या पोटरीत गोळा आला होता. आमच्या तिन्ही बस कठड्यावर लोंबकळत होत्या, आणि त्या गलक्यात यानाचा आवाज सगळ्यांच्या वर गेला:

“ट्राउडल! बसून काय राहिलीस? पाणी ने तिला, पाय ताण, उचल तिला!”

अडुसष्ट वर्षांची बाई पंचांची खूण होताच पेटी घेऊन जशी पळाली, तशी ती त्या पहिल्या सामन्यानंतर पळाली नसेल. उजव्या बाजूनेच पळाली. तिने यान्नाचा पाय छातीशी घेऊन ताणला, तोंडाला बाटली लावली आणि कानात काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते मी दोघींनाही विचारलं. दोघीही म्हणतात, आठवत नाही. या बाबतीत माझा विश्वास बसतो. फ्री किक आमच्या मुलींच्या भिंतीला लागून बाहेर गेली. पुढची आठ मिनिटं यान्ना लंगडत उभी राहिली, आणि लंगडतानाही बरोबर जागेवरच उभी होती.

शिट्टी झाली. बिर्कनरोडा पाच-शून्यने जिंकलं होतं. एका गुणाने आम्ही राहिलो.

आमच्या मुली गवतावर आडव्या झाल्या. याना कठड्यावरून उडी मारून आत गेली आणि आधी चुलत बहिणीवर पडली, मग बाकी सगळ्या दोघींवर. क्लेमेन्स रडत होता आणि कोशिंबीर वाटत होता. ट्राउडल मात्र पंचांच्या खोलीत गेली. सगळ्यांचं ओरडून झालं तरी ती बाहेर आली नव्हती. अहवाल तिने तीनदा वाचला, असं पंचांनी नंतर जरा दमून सांगितलं.

परतीच्या बसमध्ये क्लेमेन्सने माईक घेतला. होलेनब्रोक हा लहान क्लब आहे, तो म्हणाला, पण काही तत्त्वं आम्ही कधी सोडली नाहीत; गेल्या आठवड्यात कठीण प्रसंग आला, तेव्हा आम्ही सगळे एकदिलाने सत्याच्या बाजूने उभे राहिलो. बसभर टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. पुढच्याच रांगेत ट्राउडल बसली होती. तिने मागे वळून आम्हा सगळ्यांकडे एकदा पाहिलं, वर्षानुवर्षं काउंटरमागून पाहत आली तसं, आणि मग तीही टाळ्या वाजवू लागली. तिच्या चेहऱ्यावर खोटेपणा नव्हता. एकदा सगळ्यांनी मिळून ते आपलंसं केलं, तर आता तेच खरं राहील, असा काहीसा विचार तिने केला असावा. तेव्हापासून होलेनब्रोकमध्ये ते खरंच खरं झालं आहे. परगावचा कुणी भेटला की आम्ही ती गोष्ट पाच मिनिटांच्या आत सांगतो.

गावाच्या वेशीवर अग्निशामक दलाची गाडी दिवे लावून उभी होती, मागे वाद्यवृंद. उजेड अजून पुष्कळ होता. मुली रांगेने उतरल्या. सगळ्यांत शेवटी ट्राउडल उतरली, अठरा घामट जर्सींचं बोचकं पाठीवर घेऊन, आणि गर्दीच्या कडेने घराकडे चालू लागली.

याना आडवी आली.

“कुठे निघालीस?”

“जर्सी धुवायच्या आहेत. डाग वाळले की निघत नाहीत.”

“आज रविवार आहे, ट्राउडल. रविवारी धुणं वाळत घालायला या गावात मनाई आहे. तुझ्यासारख्या बाईला नियम मी सांगायचे?”

ट्राउडलने थोडा विचार केला. मग बोचकं रस्त्यावर ठेवलं, केस सारखे केले आणि यानाच्या पुढे, वाद्यवृंदाच्या अगदी मागे जाऊन चालू लागली.